26 जानेवारीचा कार्यक्रम आणि गजीचा ढोल

वाचकाचं पत्र, थोडक्यात :
पत्र लिहिणाऱ्या बाई सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवतात. वय चाळिशीच्या आसपास. माहेर मिरजेचं, गाण्याच्या परीक्षा विशारदपर्यंत झालेल्या, त्यामुळं शाळेचे सांस्कृतिक कार्यक्रम आपोआप त्यांच्याकडं आले. यंदा 26 जानेवारीच्या कार्यक्रमासाठी संस्थेच्या चेअरमन साहेबांचा निरोप आला आहे : ‘शुद्ध भारतीय संस्कृती’ दिसली पाहिजे. भरतनाट्यम घ्या, राजस्थानी घूमर घ्या, एक-दोन देशभक्तीची समूहगीतं घ्या. हलगी नको, लावणी नको, सिनेमातलं काही नको, कानडी तर नकोच. इकडं धनगरवाडीवरून येणाऱ्या नववीच्या पोरांनी दिवाळीपासून गजीनृत्य (ढोलाच्या ठेक्यावर गोलात नाचायचं धनगरी नृत्य) बसवलं आहे. जत तालुक्यातून आलेल्या दोन मुलींना आजीनं शिकवलेलं कानडी पद म्हणायचं आहे, आणि दहावीतल्या चौघांना रॅप करायचा आहे. बाई लिहितात, ‘हलगीला संगीत म्हणणं मलाही जड जातं, हे प्रामाणिकपणे सांगते. पण गजी बसत नाही म्हटल्यावर एक पोरगा म्हणाला, “मग आमचं कंचं ओ, बाई?” मला उत्तर सुचलं नाही. साहेबांचं ऐकू, भांडू, की मधला मार्ग काढू?’

ताई,

चेअरमन साहेबांपासूनच सुरुवात करते. त्यांचं म्हणणं पूर्ण झटकून टाकावं असं मला वाटत नाही. गॅदरिंगच्या नावाखाली आपल्याकडं काय चालतं ते तुम्ही पाहिलं असेल. तिसरी-चौथीच्या पोरींना नऊवारी नेसवायची, ज्या गाण्याचा अर्थ त्यांना कळतही नाही त्यावर नाचवायचं, पुढच्या रांगेतून शिट्ट्या मारायच्या आणि रात्रीपर्यंत तो व्हिडिओ गावभर फिरवायचा. वर डॉल्बी. याला वैतागून एखादा जबाबदार माणूस ‘हे बंद करा’ म्हणाला, तर त्याची काळजी खरी असते. फक्त त्यांनी रेघ ओढली ती भलत्याच ठिकाणी. त्या रेघेच्या पलीकडं धनगरवाडीची पोरं गेली, आणि त्यांनी यातलं काहीच केलेलं नाही.

तुमच्या पत्रात एक वाटणी दिसते. शास्त्रीय ते देशाचं, हलगी-गजी ते गावाचं, कानडी ते शेजाऱ्याचं आणि रॅप परदेशाचं. साहेबांचीही वाटणी हीच आहे. म्हणजे तुम्हा दोघांचा वाद कुणाला किती मिनिटं द्यायची एवढ्यापुरता उरतो. मला ती वाटणीच तपासून बघावीशी वाटते, आणि त्यासाठी तुमच्या माहेराइतकं सोयीचं गाव दुसरं नाही.

मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. उरुसात त्यांच्या आठवणीसाठी गवई येऊन गातात, तुम्ही लहानपणापासून ऐकलं असेल. खाँसाहेब 1872 साली जन्मले ते उत्तरेत, कैराना गावात. दक्षिणेतलं संगीत त्यांनी मन लावून ऐकलं, तिकडचा सरगम आपल्या गाण्यात आणला. तिकडच्या त्यागराजांची कृती त्यांनी रेकॉर्डवर गायली, तशीच मराठी नाट्यपदंही गायली. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी गदगचे. दोघांचीही मातृभाषा कानडी. भीमसेनांचा अभंग सुरू झाला की आपल्यातला कुणी विचारत नाही की हा माणूस कुठला.

दुसरी वाट ग्वाल्हेरहून आली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिकडची ख्यालगायकी शिकून इकडं आले. त्यांच्याकडं मिरजेत शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर पुढं लाहोरला गेले आणि 1901 साली गांधर्व महाविद्यालय त्यांनी तिथं काढलं. वारले ते 1931 साली मिरजेत. तुम्ही विशारद झालात त्या परीक्षांमागं हा ग्वाल्हेर-मिरज-लाहोर असा प्रवास आहे. यातला कुठला टप्पा शुद्ध आणि कुठला भेसळीचा, ते मला तरी सांगता येणार नाही.

वाद्यांचंही तेच. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतली घराणी मूळची शिकलगारांची. हत्यारांना धार लावणारे, पाणी देणारे हात तंतुवाद्यांकडं वळले. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. सतारमेकर गल्लीत जवारी काढताना, म्हणजे तारेचा सूर खुलवताना, कधी निवांत बसून पाहिलंय का? कारागीर घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं जरासा घासतो, तार परत बसवतो, छेडतो, मान हलवतो, तार उचलतो, पुन्हा घासतो. नुसत्या डोळ्यांना काही फरक दिसत नाही. मग एका क्षणाला तो षड्ज असा खुलतो की शेजारी बसलेला बोलता बोलता थांबतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. देशातल्या मोठमोठ्या मैफलींत वाजणारा तो सूर एका तालुक्याच्या गावातल्या गल्लीत, मुसलमान कारागिराच्या मांडीवर, सोलापूरकडच्या भोपळ्यातून तयार होतो. तो देशाचा म्हणायचा की मिरजेचा? दोन्ही म्हणायला काही अडचण येते का?

आणि पेटी? ती मूळची युरोपातली. या आणि अशाच आक्षेपांवरून आकाशवाणीनं 1940 साली तिला बंदी केली, ती 1971 पर्यंत टिकली. एवढी वर्षं रेडिओवर पेटी अशुद्ध होती, आणि त्याच वर्षांत आपल्या गावोगावच्या भजनांत, कीर्तनांत, नाटकांत तिच्यावाचून पान हलत नव्हतं. वरातीत आणि गणपतीत वाजतो तो बेंजो मूळचा जपानचा. 1912 च्या सुमाराला नागोयात तयार झालेलं, टाइपरायटरसारख्या कळा असलेलं वाद्य आपल्या पोरांनी असं आपलंसं केलं की आज सातारा-सांगलीत बेंजो पार्टीशिवाय नवरदेव मारुतीच्या देवळापासून पुढं सरकत नाही. मराठी रंगभूमीचा मान आपण सांगलीला देतो, 1843 साली विष्णुदास भाव्यांनी केलेल्या प्रयोगामुळं. त्या प्रयोगामागं होता कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ. तो पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना ‘असं काही मराठीत करा’ म्हणून सांगितलं. साहेबांचा ‘कानडी तर नकोच’ हा नियम तेव्हा सांगलीच्या राजवाड्यात असता, तर 5 नोव्हेंबरला आपण कसला रंगभूमी दिन साजरा केला असता?

आता भरतनाट्यम. मला ते मनापासून आवडतं, म्हणून हे लिहिते. साहेबांना हलगीत तमाशा दिसतो आणि भरतनाट्यममध्ये पावित्र्य. पण शंभर वर्षांपूर्वी मद्रासकडच्या सभ्य घरांत याच नृत्याकडं आपण आज तमाशाकडं बघतो तसं बघत. तेव्हा ते सदिर म्हणून ओळखलं जाई, ते देवदासींकडं होतं, आणि ते बंद पाडावं म्हणून चळवळ चालू होती. 1930 च्या दशकात मद्रासच्या म्युझिक अकादमीनं आणि रुक्मिणीदेवींसारख्यांनी ते नव्या नावानं, नव्या पोशाखात मंचावर आणलं आणि वरच्या घरांतल्या मुली ते शिकू लागल्या. ज्या बायकांनी ते पिढ्यानपिढ्या जपलं त्यातल्या बऱ्याच जणी मात्र मागं पडल्या. म्हणजे ‘शुद्ध’ हा शिक्का कलेच्या अंगावर जन्मापासून नसतो. कुणी तरी, कधी तरी, काही कारणानं तो मारतं. वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी बैठकीची लावणी आयुष्यभर सांभाळली, त्यांना 2012 साली पद्मश्री मिळाली. ‘राष्ट्रीय’ ठरवण्याचा अधिकार ज्यांच्याकडं आहे, त्यांनीच लावणीला मान दिला. मग आपली शाळा त्याहून सोवळी का?

घूमरबद्दल एकच म्हणते. राजस्थानचं लोकनृत्य आपल्याकडं ‘भारतीय संस्कृती’ आणि धनगरवाडीचं लोकनृत्य ‘गावठी’, हे जरा मोठ्यानं वाचून बघा. जयपूरच्या एखाद्या शाळेत याच्या नेमकं उलटं चालू असेल, अशी मला शंका आहे. आणि साहेबांना एक आठवण जरूर करून द्या : 1982 साली दिल्लीत एशियाड भरलं, तेव्हा उद्घाटनाच्या सोहळ्यात सांगलीचं लेझीम होतं. आपल्याकडं लेझीम चालतं ते हलगी-घुमक्याच्या ठेक्यावर. जे दिल्लीला चाललं ते आपल्या शाळेच्या पटांगणात का चालू नये?

आता थोडं तुमच्याविषयी. हलगीला संगीत म्हणणं जड जातं असं तुम्ही लिहिलंत, ते लपवलं नाहीत, म्हणून मीही सरळ बोलते. हा जडपणा कानाचा नाही, सवयीचा आहे. तुम्ही तालाच्या परीक्षा दिल्या आहेत. एका संध्याकाळी पोरांच्या तालमीला वही-पेन्सिल घेऊन बसा आणि गजीच्या ढोलाचा ठेका मात्रांत लिहून काढायचा प्रयत्न करा. कैताळ (मोठी झांज) कुठं पडतं, पाय कुठं पडतो, रुमाल कुठल्या मात्रेवर उडतो, आणि ढोलवाला लय चढवतो तेव्हा सगळा गोल न मोजता तिच्यासोबत कसा चढतो, ते टिपा. हलगीवाल्याचे दोन हात बघा. एकात बारीक लांब काडी, दुसऱ्यात आखूड जाड टिपरू, आणि दोन्हींची कामं वेगळी. मला वाटतं दोन पानं भरायच्या आत तुमचं मत बदलेल. आरेवाडीला धनगरांच्या बिरोबाच्या यात्रेला गेलात तर सगळ्यात उत्तम.

पण हलगीच्या बाबतीत एक धोका आहे, आणि तिथं उत्साहात चूक होऊ शकते. हलगी ही आपल्या गावगाड्यात जातीनं लादलेली चाकरी होती. लग्न असो, मयत असो, जत्रा असो, वाजवायचं ठराविक वस्तीनं आणि उभं राहायचं लांब. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर कित्येक घरांनी ती ठरवून खाली ठेवली. काहींनी ती अभिमानानं परत उचलली, शाहिरीत, मोर्चात, स्पर्धेत. दोन्ही निर्णय मानाचे आहेत. म्हणून ‘तुझे आजोबा वाजवायचे ना, मग तू वाजव’ असं कुठल्याही पोराला म्हणू नका, कौतुकानं सुद्धा नाही. वर्गात सरसकट विचारा, कुणाला शिकायचंय? पाटलाचा पोरगा पुढं आला तर त्याला शिकू द्या, कुणीच आलं नाही तर हलगी राहू द्या. शिकवायला गावातले जाणते वादक बोलवले, तर त्यांना खुर्ची द्या, मानधन द्या, आणि सूत्रसंचालनात ‘गुरू’ म्हणून त्यांचं पूर्ण नाव घ्या. संस्थेचे पैसे नसतील तर शिक्षकांनी वर्गणी काढा, पण फुकट वाजवायला लावू नका. आपल्या लोककलेचा अभिमान पुष्कळ जण बोलून दाखवतात, कलावंताच्या हातात पाकीट ठेवताना मात्र इकडं तिकडं बघतात. पोरं हे सगळं पाहत असतात.

कानडी पदाचा प्रश्न मला मुळात प्रश्नच वाटत नाही. जतमध्ये घरात कानडी आणि शाळेत मराठी अशी गावंच्या गावं आहेत. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला दोन्हीकडचे लोक चालत येतात, बिरोबाची गाणी दोन्ही भाषांत आहेत, आणि खुद्द विठोबाला ज्ञानोबांनी कानडा म्हटलं. सीमाप्रश्नाचा राग आपल्या भागात खरा आहे, तो मी हलक्यानं घेत नाही. बेळगावकडच्या मराठी माणसाला तिकडं आपली भाषा जपताना त्रास होतो तेव्हा आपल्याला वाईट वाटतं. मग आपल्याच शाळेतल्या दोन पोरींना आजीची भाषा मंचावर नको म्हणणं कसं पटवून घ्यायचं? पद म्हणण्याआधी त्यातल्या एकीला मराठीत चार ओळींत अर्थ सांगू द्या. तेवढं पुरे. प्रजासत्ताक दिन आहे, म्हणून साहेबांना राज्यघटनाच दाखवा. कलम 29 मध्ये प्रत्येक समाजगटाला आपली भाषा आणि संस्कृती जपण्याचा हक्क दिलेला आहे, आणि कलम 51क मधल्या मूलभूत कर्तव्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं हे नागरिकाचं कर्तव्य मानलंय. त्या दिवशी याहून शुद्ध आधार कुठला आणणार?

रॅपवाल्या चौघांना एकच अट घाला : शब्द स्वतःचे हवेत आणि गावच्या बोलीत हवेत. पाण्याचा टँकर, द्राक्षबागेतली औषधफवारणी, एसटीची वाट, काहीही चालेल. कागद आठ दिवस आधी तुमच्या हातात पडला पाहिजे. यमक जुळवणं, सभेसमोर सवाल टाकणं, समोरच्याला शब्दांत पकडणं हे कलगी-तुऱ्याच्या फडांत आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या होत आलंय. शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठऱ्याचेच, आणि त्यांच्या घरच्यांनाही त्यांनी तमाशात जाणं पटलं नव्हतं. पोरांना हे सांगितलंत तर त्यांची चाल बदलायची गरज नाही, त्यांना आपल्या मागं कोण उभं आहे तेवढं कळेल.

बंदीचं काय होतं, याचाही एक दाखला साहेबांसमोर ठेवा. 1952 साली बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. आपलेच मराठी गृहस्थ, संगीताची खरी जाण असलेले. देशाचा कान सुधारावा या तळमळीनं त्यांनी आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद केली. त्यांनी शास्त्रीय संगीताला रेडिओवर मोठी जागा दिली, हे त्यांचं श्रेय आहेच. पण लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि सिनेमाची गाणी वाजवणारं रेडिओ सिलोन लावलं. 1957 साली सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. तुमच्या पोरांच्या हातात तर काटा फिरवायचीही गरज नसलेला मोबाईल आहे. शाळेनं गजी नाकारली म्हणून ती पोरं शास्त्रीय ऐकायला लागणार नाहीत. शाळेच्या मंचावर आपलं काही नाही, एवढंच ती शिकतील.

आता करायचं काय? भांडू नका, आणि निरोपानिरोपीनं किंवा व्हॉट्सॲपवर तर अजिबात बोलू नका. हेडसरांना सोबत घेऊन समक्ष भेटा, आणि जाताना लेखी कार्यक्रमपत्रिका न्या : कोण, काय, किती मिनिटं, शब्द काय, शिकवलं कुणी. साहेबांचं समूहगीत पहिलं ठेवा. भरतनाट्यम तेव्हाच ठेवा, जेव्हा शाळेतली एखादी मुलगी ते खरोखर गुरूकडं शिकत असेल. यूट्यूब बघून तीन आठवड्यांत बसवलेलं भरतनाट्यम हा त्या कलेचाच अपमान आहे, हे एक विशारद म्हणून तुम्ही ठामपणे सांगू शकता आणि ते तुमचं ऐकतील. ‘शुद्ध आहे का’ या कसोटीऐवजी त्यांच्या काळजीला लागू पडेल अशी कसोटी सुचवा. करणाऱ्या मुलाला अर्थ कळतो का? त्याच्या वयाला ते शोभतं का? पहिल्या रांगेत आजी बसली तर चालेल का? या कसोटीवर लहान पोरींचं ते सिनेमातलं गाणं बाहेर जाईल आणि गजी आत येईल. साहेबांना हवं ते बंद होईल आणि पोरांना हवं ते मिळेल. आवाजाची हमीही स्वतःहून द्या : डॉल्बी नाही, शाळेचेच दोन भोंगे. गजीच्या ढोलाला माईक लागतही नाही.

इतकं करूनही ते ‘नाही’ म्हणाले तर? नोकरी तुमची आहे, संस्था त्यांची आहे, आणि याच्यासाठी बदली ओढवून घ्या असं मी सांगणार नाही. त्यांना फक्त एका तालमीला बोलवा. कागदावरच्या ‘गजी’ या शब्दाला नकार देणं सोपं असतं, समोर वीस पोरं फेटे बांधून उभी असताना ते तितकं सोपं राहत नाही. तरीही नकार आला, तर पोरांना खरं काय ते सांगा. ‘तुमचं बसत नाही’ म्हणू नका, कारण ते खोटं आहे. ‘मला ते हवं होतं, मी विचारलं, परवानगी मिळाली नाही, महाराष्ट्र दिनाला पुन्हा विचारेन’ असं सांगा, आणि 1 मेला खरोखर विचारा. एवढ्यानं त्या पोराच्या प्रश्नाला उत्तर मिळतं, पूर्ण नसलं तरी प्रामाणिक.

आणि परवानगी मिळाली तर एक व्यवस्था आतापासूनच करून ठेवा, ऐनवेळी कुणाच्या लक्षात राहत नाही. जानेवारीत सकाळी दव पडतं आणि कातडं सैल होतं. ढोल दोरीनं आवळता येतो, पण हलगी चामड्याची असेल तर ती शेकावीच लागते, नाहीतर नुसती ढप ढप वाजते. झेंडावंदन होईपर्यंत पोरांना हलता येणार नाही, म्हणून मंडपापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून, चघाळ (गुरांनी खाऊन उरलेला वाळका चारा) आणि कागद पेटवायला एक जागा हेडसरांकडून आधी ठरवून घ्या, एका शिपाईमामांना पाण्याची बादली घेऊन तिथं उभं करा, आणि गजीचा क्रमांक ध्वजारोहणानंतर निदान अर्ध्या तासानं लावा.